तयारी करून मोजलेली साखर

ऐका, पटकन ऐका. मी ग्लुकोमीटर बोलतोय. रक्तातली साखर मोजणारा, तळहातावर मावणारा. माझा पडदा उजळतो आणि लगेच विझतो, त्यामुळे निवांत बसून गोष्ट सांगणं माझ्या स्वभावातच नाही. त्यात आज सकाळपासून स्वयंपाकघरातून कारल्याच्या रसाचा वास येतोय. तो वास आला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. का ते सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, आठवत नाही. वर्ध्यातल्या एका औषधाच्या दुकानात काचेमागे पडून होतो, तिथून धनंजय सरांनी मला बोरगाव मेघेला घरी आणलं. सर जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक. मोठा हसरा माणूस, आणि पोट असं की शर्टाची बटणं मेटाकुटीला यायची. शिक्षकांच्या आरोग्य शिबिरात डॉक्टरांनी त्यांना साखर आणि बीपी दोन्ही वाढल्याचं सांगितलं होतं. गोळ्या दिल्या, पोट उतरवा म्हणाले. सरांनी गोळ्या कधी घेतल्या, कधी विसरले. मला मात्र हौसेनं विकत घेतलं.

आता त्यांची खोड ऐका. सरांची सगळी नोकरी तपासण्यांत गेलेली. साहेब येणार म्हटलं की शाळेच्या भिंतींना चुना लागायचा, पोरांची नखं कापली जायची, कच्च्या पोरांना मागच्या रांगेत बसवलं जायचं. साहेब खूश होऊन गेले की दुसऱ्या दिवशी शाळा पुन्हा जशीच्या तशी. सरांनी माझ्याशीही तेच केलं. रविवारी साखर मोजायची ठरली की शुक्रवारपासून गोळ्या वेळेवर, कारल्याचा रस, बिनसाखरेचा चहा, बटाट्याचे तळलेले बोंडे बंद, संध्याकाळी चौकापर्यंत तरातरा चालणं. मग रविवारी सकाळी बोट पुढं करायचे. मी दाखवायचो एकशे बारा. सर साऱ्या घराला ओरडून सांगायचे. सोमवारी शाळेत कुणाच्या तरी वाढदिवसाची जिलेबी असायचीच.

आकडा चुकीचा नव्हता हो. पण तो त्या दोन दिवसांचा होता. बाकीच्या दिवसांचं मला कुणी विचारलंच नाही! फ्रिजवर पडल्या पडल्या मी नुसता चडफडायचो.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. सरांचे वडील, नानाजी, आंजी या आपल्या गावाहून इथंच आले होते. पंचाहत्तरी उलटलेली, अंगानं काटकुळे, पण रोज शेतात चक्कर मारणारे. घरात ताप शिरला तो दोघांनाही, बापाला आणि लेकाला. सगळ्यांचा जीव नानाजींवर टांगलेला. त्यांना वेगळी खोली, त्यांनाच वाफ, त्यांनाच काढा. बोटाला लावून ऑक्सिजन दाखवणारं एक नवं यंत्र घरात आलं, तेही घडीघडी नानाजींच्याच बोटाला. लाडकी सूनच जणू! वय पाहता ते बरोबरच होतं, त्यात मी काही खोट काढत नाही. पण सरांकडे कुणीतरी बघायचं होतं ना! सरांच्या बायकोनं, छायाताईंनी, एकदा त्यांना झोपून राहा म्हटलं, तर म्हणाले, "मले काय होते? अजून पन्नाशी नाई आली." आणि ताप अंगावर घेऊन नानाजींची औषधं आणायला गेले.

नानाजींचा ताप आठवड्यात उतरला. ते भाकरी मागायला लागले. सरांना मात्र जिना चढताना धाप लागली. ते लाडकं यंत्र पहिल्यांदा त्यांच्या बोटाला लावलं, तेव्हा आकडा फार खाली गेलेला. त्याच दुपारी दवाखान्यात नेलं.

दवाखान्यातून फोन आला तेव्हा छायाताई मला मुठीत धरून उभ्या होत्या. डॉक्टरांनी आधीची साखर विचारली. ताई ठामपणे म्हणाल्या, घरी मोजली तेव्हा एकशे बाराच्या वर कधी गेलीच नाही. डॉक्टर म्हणाले, आम्ही तीन महिन्यांची सरासरी साखर काढली आहे, ती फार वाढलेली आहे, आणि बऱ्याच दिवसांपासून असणार. साखर, बीपी आणि पोटाची चरबी आधीपासून वाढलेली असली की हा आजार कमी वयाच्या माणसालाही आवळतो. त्यात फुप्फुसांसाठी जे औषध द्यावं लागतंय, तेही साखर वाढवतं. आम्ही प्रयत्न करतोय. फोन ठेवल्यावर ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

सर घरी आले नाहीत.

नानाजी ओट्यावर बसून होते. रडले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "माही राखण साऱ्यायनं केली. त्याची कोणीच नाई केली."

त्याला आता काही वर्षं झाली. ताईंनी मला फेकलं नाही. नव्या पट्ट्या आणतात, स्वतःची साखर मोजतात, कधीही, जेवून उठल्यावरसुद्धा. काळजी आहे ती त्यांच्या मुलीची, आकांक्षाची. रोज इथून पुलगावला बँकेत जाते. दिवसभर खुर्ची, डबा खुर्चीतच, येताना बसस्टँडवरचा बोंडा. बापाचे हसरे गाल आले आणि बापाचं पोटही. साखर मोज म्हटलं की म्हणते, मले काय होते? ते शब्द ऐकले की मला घाम फुटतो, म्हणजे फुटला असता.

परवा बँकेत सगळ्यांची आरोग्य तपासणी आहे. म्हणून आज सकाळी हा कारल्याचा रस. चहात साखर नको म्हणाली. संध्याकाळी चालायला जाणार म्हणाली. ताई पोळ्या लाटत होत्या, त्यांनी लाटणं खाली ठेवलं. पेला तिच्या हातून काढून घेतला आणि मोरीत ओतला.

"काऊन ओतला, आई?"

"तुह्या बाबानं असंच केलं." ताईंनी फ्रिजवरून मला उचललं. "तयारी नको करू. काल रात्री लग्नात जेवली ना? जशी हायेस तशी बोट दे मले."

आकांक्षानं आईच्या तोंडाकडे पाहिलं. तिनं बोट पुढं केलं. सुई टोचली, थेंब आला, मी तो पट्टीवरून ओढून घेतला. आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो. खोटं दाखवता आलं असतं तर, खरं सांगतो, त्या क्षणी मी दाखवलं असतं.

दोनशे छत्तीस, तेही सकाळच्या उपाशी पोटी.

आकांक्षाचे डोळे भरले. ताईंनी तिचं बोट कापसानं दाबून धरलं आणि सोडलं नाही. हळूच म्हणाल्या, "बरं झालं, आता कळलं. आजच डॉक्टरकडं जाऊ."

आता दोघी चपला घालताहेत आणि ताईंनी मलाही पिशवीत टाकलंय. माझा पडदा विझतोय. तुमच्याही घरात माझा कुणी भाऊबंद फ्रिजवर पडला असेल, तर त्याला आजच हातात घ्या. असंच, काही न ठरवता.