बैलाचा डावा डोळा

मी बोलतेय ती बैलाच्या डाव्या डोळ्यातून. दचकू नका, बैल लाकडी आहे. तान्ह्या पोळ्याचा, खाली चार चाकं असलेला. आणि मी एक कवडी. वय चाळिशीच्या पुढं, रंग पिवळट, अंगभर बारीक ओरखडे. थोडक्यात, या वयात बाई दिसते तशीच.

खरं सांगायचं तर मी स्वतः कधी जिवंत नव्हते. जिवंत होती ती माझ्या आतली. मऊ, ओली, मुकी. तिनंच मला थर चढवत बांधलं. दिवसभर ती मला घेऊन दगडाखाली दडून बसायची. अंधार पडला की निघायची, आणि आपलं मऊ अंग दोन्ही बाजूंनी माझ्यावर पांघरायची, दोन पापण्या मिटाव्यात तशी. माझी चकाकी तिच्यामुळंच होती. आता चकाकी गेली. जाऊ द्या, आरशापुढं उभं राहायचंय कुणाला!

एका ओहोटीला माणसांनी दगड उलटले. आम्हाला वेचून वाळूत पुरलं. आतली कुजून गळून गेली, मी उरले. घर राहिलं, घरवाली गेली. मग पोत्यात भरून आम्ही वर्ध्याच्या पोळ्याच्या बाजारात आलो, बैलांच्या माळांसाठी.

तिथं पवनारच्या किसनरावांनी मला आणि माझ्या शेजारणीला उचललं. धाम नदीच्या काठाला त्यांची वांग्या-टमाट्यांची बाडी. नातीसाठी सागाचा बैल कोरला होता, डोळे तेवढे राहिले होते. लाख तापवून त्यांनी आम्हाला खोबणीत बसवलं, फट बाहेरच्या बाजूला. फटीचे दात म्हणजे बैलाच्या पापण्या.

नात उज्वला, पाच वर्षांची. तान्ह्या पोळ्याला लेकरं बैल ओढत दारोदार फिरतात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मागतात. त्या गल्लीत बैल घेऊन निघालेली पोरगी ही एकटीच.

"पोट्टी बैल घेऊन निंगाली वो!" ओट्यावरची एक बाई हसली.

"काऊन? बैल काय पोट्ट्यायलेच ओळखते काय?" उज्वला म्हणाली आणि बोजारा घेऊनच हलली.

रात्री तिनं विचारलं, "आबाजी, हे डोये कायचे हायेत?"

"समुद्रातले, बाई."

"मंग हे खरंच पाह्यतात?"

किसनरावांनी बैलाच्या कपाळावरून बोट फिरवलं. "आपन नाई पाह्यत, ते हे पाह्यतात."

म्हातारा गमतीनं बोलला असेल. पण त्या दिवसापासून उज्वला माझ्या फटीत डोळा लावून बसायची. पुढं शिकली, समुद्राची शास्त्रज्ञ झाली. धरणाशिवाय मोठं पाणी न पाहिलेली वर्ध्याची मुलगी! श्रेय घ्यायची मला सवय नाही. पण इथं घेते.

किसनराव गेले, बाडी गेली, घर वर्ध्यालगत सिंदी मेघेत आलं. मी शोकेसमध्ये, वर्षातून एकदा धूळ पुसली जाणारी.

यंदा मे महिन्यात उज्वला आईकडं, मंदाबाईंकडं आली ती कामासकट. तिचं काम समुद्र राखण्याचे नकाशे करणं. समुद्राचे चौकोन पाडायचे. कुठल्या चौकोनात किती जीव सापडले ते भरायचं. मग ठरतं, कुठले राखायचे आणि कुठले सोडायचे. सगळाच समुद्र राखता येत नाही, कोळ्यांनाही पोट आहे.

लॅपटॉप नेमका माझ्यासमोर. नकाशावर एक बेट होतं, शिंगासारखं वाकडं. त्याच्या पोटाशी उथळ पाणी. बाईला काहीही विसरायला होईल, माहेर नाही. तो चौकोन माझा होता.

आणि त्यात लिहिलं होतं शून्य.

"हे काय वो?" मंदाबाईंनी चहा ठेवताना विचारलं.

"इथं आमाले काही सापडलं नाई. दोन दिवस पोहलो. शून्य म्हनजे हा चौकोन सुटला. तिथं जहाजाचा धक्का व्हनार, सारा तळ उपसतीन."

"मंग सापडलं नाई तं नाई. तुह्या चेहऱ्याले काय झालं?"

उज्वला त्या शून्याकडं पाहत राहिली. मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. ते दोन दिवस होते. दिवस, रात्री नव्हेत. वारा वाढला म्हणून होड्या अंधारात निघाल्याच नाहीत. तिच्या साहेबांनी फोनवर सांगितलं होतं, दिसलं नाही ना, मग शून्य लिहा, पुढच्या आठवड्यात नकाशा गेला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी माझ्या खाली लाकडावर ओल आली.

"उजे, बैल रडून राह्यला वो!"

"कूलरचं पानी उडालं असन."

"कूलर तिकडं, बैल इकडं. पानी काय वळन घेऊन आलं?"

मंदाबाईंनी बैल पुसला आणि शोकेसवर, तोंड भिंतीकडं करून ठेवला. "पाह्यते मेला टकमक." दुपारी तो पुन्हा खोलीकडं वळलेला. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. दोघीही म्हणाल्या, मी नाही फिरवला. मीही नाही, चाकं माझ्या हातात कुठं!

उज्वलानं पुन्हा आलेल्या ओलीला बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं. खारट. तिनं आईला सांगितलं नाही.

मला तर आणखी वेगळीच भीती होती. माझ्यात कुणीतरी हललं होतं. इतकी वर्षं कुलूपबंद घर, आणि आत अचानक पावलं वाजावीत. हाक मारावीशी वाटली, पण कुणाला? मला तिचं नाव कधी माहीतच नव्हतं.

तिसऱ्या दुपारी ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. खिडकीला जाड गोधडी टांगलेली, दार बंद. उज्वला लॅपटॉपपुढं, तो शेवटचा चौकोन पक्का करायला. तेवढ्यात लाइन गेली. कूलर थांबला. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली, तोही विझला. खोलीत मिट्ट काळोख.

"काडीपेटी शोकेसवर हाये," आतून मंदाबाई ओरडल्या.

उज्वला चाचपडत आली. तिचं बोट बैलाच्या शिंगावरून उतरलं, कपाळावरून माझ्यावर आलं. आणि थांबलं.

मी मऊ होते. थंड, ओली, मऊ. कुणीतरी माझ्यावर पांघरूण घातलं होतं, दोन्ही बाजूंनी, पूर्वीसारखं.

ती ओरडली नाही. तिनं बोटही काढलं नाही.

काडी ओढल्याचा आवाज येईना, म्हणून मंदाबाई मोबाइलचा टॉर्च लावून धावत आल्या. उजेड पडताच पांघरूण आत सरकलं. समोर कोरडी, पिवळी, ओरखडलेली मी.

"काय झालं वो? इंचू चावला काय?"

"आई, टॉर्च बंद कर."

"येडी झाली काय?"

"कर ना वो."

काळोख झाला. तिनं पुन्हा बोट लावलं. मग आईचा हात धरला आणि तिचंही बोट माझ्यावर टेकवलं. मंदाबाई पुटपुटल्या, "जिती हाये वो माय..."

दोघी तशाच उभ्या राहिल्या, लाइन येईपर्यंत. कूलर घरघरला, लॅपटॉप सुरू केल्यावर पडद्यावर तो चौकोन परत आला. आत शून्य.

उज्वलानं फोन लावला. "सर, तो चौकोन मी उजेडात पाहिला. अंधारात नाही पाहिला. मी तिथं शून्य लिहिणार नाही."

पलीकडून बरंच काही आलं. ते संपल्यावर ती म्हणाली, "नकाशावर माझं नाव नको असेल तर काढा, सर. पण ते शून्य माझ्या हातून जाणार नाही. पावसाळ्याआधी मी स्वतः जाते. अंधारात."

समुद्राकडं जाताना तिनं चाकूच्या पात्यानं लाख सोडवली आणि एक डोळा सोबत नेला. उजवा. माझी शेजारीण गेली, मी राहिले. नशीब म्हणतात ते हेच. देखण्या बायकांनाच प्रवास घडतो.

आता उजवी खोबण रिकामी आहे. मंदाबाईंनी तिथं सदऱ्याचं बटण बसवलं. सकाळी ते खाली पडलेलं असतं, ओलं. आणि डाव्या डोळ्यानं मी खोली पाहते, तसं त्या रिकाम्या खोबणीतूनही मला दिसू लागलंय. काळं पाणी. वरून उतरणारा अंधूक लाल उजेड, जिवांना न बुजवणाऱ्या टॉर्चचा. त्यामागं उज्वला. आणि दगडांखालून निघणाऱ्या त्या कवड्या, एकेक करून, डोळे मिटल्यासारख्या.

काल सकाळी फोन आला.

"सापडल्या काय वो?" मंदाबाईंनी विचारलं.

"मोजून राह्यली, आई. अजून मोजून राह्यली."

मंदाबाईंनी फोन ठेवला. दुपारी त्यांनी स्वतःच खिडकीला गोधडी टांगली, दिवा बंद केला आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

तुम्हीही कधी कुठं डोकावाल आणि म्हणाल, इथं काही नाही. म्हणा. पण आधी दिवा मालवा, आणि हात लावून पाहा. बोट ओलं झालं, तर पुसू नका.