बोटीवरून थेट आखाड्यावर

गावाकडं परतणाऱ्या जीपनं राजूर मागं टाकलं, तेवढ्यात रामप्रसादचा मोबाइल वाजला. त्यानं तो पाहिला, उपडा केला आणि मांडीखाली सारला. बायनाबाईच्या मनात तिथंच पाल चुकचुकली. दिवसभर दुकानात फोन कानाला चिकटवून बसणारं हे पोरगं. फोन मांडीखाली ठेवायची त्याची जातच नव्हती.

"काय आलंय त्याच्यात?" मागच्या सीटवरून तिनं विचारलं.

"काही न्हाई माय. कंपनीच्या ग्रुपवर लोकं फोटो टाकून राह्यले. बोटीवरचे."

"मंग लपवतो कशाला? माझा नाचतानाचा हाय का एखादा?"

जीप चालवणारा अंगद फिसकन हसला. रामप्रसाद हसला नाही. बायनाबाईनं हात पुढं केला. "दे इकडं."

शाळेत ती दुसरीपर्यंतच गेली होती, त्यातली अर्धी वर्षं तर भाऊ सांभाळण्यात गेली. अक्षर लावायला तिला वेळ लागायचा, पण बोललेला निरोप कसा दाबायचा हे तिला बरोबर ठाऊक होतं. तिनं सगळ्यात खालचा दाबला. परतूरचा दुकानदार हरिओम, त्याच्या भावाचा आवाज जीपभर घुमला: "हरिओमभाऊला जालन्याला दवाखान्यात भरती केलंय. कोरोना निघालाय. ऑक्सिजन लावलाय. बोटीवर जे जे त्याच्यासंगं जेवले, त्यांनी तपासून घ्या. जल्दी."

अंगदनं गळ्यातलं उपरणं नाकावर ओढलं आणि आपल्या बाजूची काच खाली केली.  शहाणा माणूस.

बायनाबाईनं आवंढा गिळला. घशात कुसळ अडकल्यासारखं टोचलं. ते सकाळपासूनच टोचत होतं. रेल्वेतल्या गार हवेनं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

बोटीची सहल रामप्रसादला बियाण्याच्या कंपनीनं दिली होती. ज्या दुकानदारानं सरकीच्या बियाण्याचं टार्गेट गाठलं, तो आणि घरातलं एक माणूस, दोघांनी मुंबईहून बोटीत बसायचं आणि दर्यात फिरून यायचं. जायची होती सून, प्रांजली. पण तिला दिवस गेलेले. "आत्या, तुम्ही जा," म्हणाली. आणि पिंपळगाव रेणुकाईतल्या झाडून साऱ्या बायांना बोलावून सांगून बायनाबाई गेली होती.

बोटीवर सगळं मिळत होतं, खाण्याजोगं काही नव्हतं. पांढरं, पिवळं, लिबलिबीत. बायनाबाईनं घरून दशम्या नेल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदे. आणि परात. ताटलीत खाल्लं की तिला खाल्ल्यासारखं वाटत नसे. जालन्याकडचे सगळे दुकानदार पहिल्याच सांजेला वास काढत तिच्या खोलीत आले. खोली कसली, कोंबड्याचं खुराडं. खिडकी नाही. पाय दुमडून, गुडघ्याला गुडघा लावून माणसं बसली. तिनं दशम्या कुस्करल्या, वर दही ओतलं, काला केला, आणि एका परातीत दहा-बारा हात पडले. रानात जेवतात तसेच. दुसऱ्या दिवशीही तसंच. बाकीची बोट खुर्च्या-टेबलांवर काटे-चमचे वाजवत होती, आणि हिचं खुराडं हसण्यानं फुटायला आलं होतं. बायनाबाईची मान अशी ताठ झाली होती की बोटीचा कप्तानही तिच्यापुढं काय.

हरिओम तिला मावशी म्हणायचा. त्याचं नाक गळत होतं. हाताला हात लागला तर तवा.

"अंग तापलंय रे तुझं."

"ए. सी. बाधली मावशी. बोलू नका कुठं. इथं ताप आला म्हणून सांगितलं की डॉक्टर खोलीत कोंडून टाकतेत. दर्या पाहायचाच राहील."

सगळे हसले. तीही हसली. वर पुढचा घास तिनं स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडात घातला होता.

आता जीपमध्ये तोच हात तिनं पदराला पुसला. पुन्हा पुसला.

"माय," रामप्रसाद वळून म्हणाला, "तुला काही होत तर न्हाई ना?"

"मला काय धाड भरली? गाडी भोकरदनात थांबव. औषधाच्या दुकानातून ते तपासायचं आण. नाकात घालायचं. दोन आण."

त्यानं आणलं. त्यानंतर गाडी गावाच्या रस्त्याला लागली तशी ती म्हणाली, "अंगद, गावात न्यायची न्हाई. रानात, आखाड्यावर घे."

"माय, काहीतरी काय! उद्या डोहाळजेवण हाय. मांडव पडलाय, प्रांजलीची आई कालच येऊन बसली. अन् आपण आखाड्यावर?"

"म्हणूनच."

"एक बार का लोकांत उठलं ना, की रामप्रसादच्या घरात कोरोना हाय, तर झालं. पेरणी तोंडावर आलीय. दुकानाची पायरी कोण चढंल?"

"अन् दुकानात मांडीवर घेऊन बसायला लेकरूच राह्यलं न्हाई मंग? कोणासाठी इकतो रे बियाणं?"

 प्रांजलीचा गर्भ दोन खेपा वाया गेला होता. दुसऱ्या वेळेस तर ती माहेरीच होती. त्या वेळी बायनाबाई विहिणीला, गयाबाईला, चार माणसांत तोडून बोलली होती: या वेळेस पोर माझ्या नजरेखाली राहील, बाळंतपणही माझ्याच घरात होईल, तुमच्या भरवशावर सोडायची न्हाई. या खेपेला सातवा लागला होता. भोकरदनच्या डॉक्टरीणबाईनं निक्षून सांगितलं होतं, हिला ताप येऊ देऊ नका, खोकल्याच्या माणसाजवळ जाऊ देऊ नका.

आखाडा म्हणजे रानातला पत्र्याचा गोठा, पुढं दोन लाकडी मेढींवरचं छप्पर आणि एक लिंब. सभोवार नांगरून टाकलेलं रान, डोक्याएवढाली ढेकळं. अंगदनं सामान उतरवलं, पैसेही न मोजता खिशात कोंबले आणि गेला. रामप्रसाद लिंबाखाली पाठमोरा उभा राहून घरी फोन लावत होता. काय बोलला ते तिला ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलला मात्र.

मग दोघांनी नाकात काड्या घातल्या. रामप्रसादच्या पट्टीवर एक रेघ आली. बायनाबाईच्या पट्टीवर आधी एक आली. ती पाहत राहिली. दुसरी हळूहळू उमटली, कपड्यावर पडलेला डाग ओला झाल्यावर दिसतो तशी. ही अक्षरं लावायला शाळा लागत नव्हती.

"तिकडं बस," ती पोराला म्हणाली. "लिंबाखाली. माझ्याजवळ येऊ नको."

तेवढ्यात बांधावर बायांचा आवाज झाला.

पुढं गयाबाई, तिच्यामागं भावकीतल्या चार-सहा जणी, एकीच्या हातात ओवाळायचं ताट, एकीच्या डोक्यावर पाण्याची घागर. आणि मधोमध हिरवं लुगडं नेसलेली प्रांजली, पोटावर हात धरून, ढेकळांतून वाट काढत.

"इहीनबाई!" गयाबाईनं लांबूनच सूर लावला. "मी आधी येऊन बसले म्हणून रुसलात म्हणं तुम्ही! जावईबापूनं फोन केला, माय गावात यायला तयार न्हाई, आखाड्यावर जाऊन बसली. तुमचे मालक, कारभारी भाऊ, तर म्हणले, बसू द्या, फुगा उतरला की येईल. पण म्हणलं नको, आपणच मोठेपणा घेऊन जावं."

बाया खुसखुसल्या. बायनाबाईनं रामप्रसादकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

आता कळलं तिला, तो लिंबाखाली काय बोलत होता ते. कोरोना म्हणायची लाज वाटली, रुसली म्हणाला. आणि ते सगळ्यांना पटलंही. का पटू नये? पोराच्या लग्नात मानाचं लुगडं हलकं निघालं म्हणून ती मांडवातून उठून गेलेली बाई. तिची समजूत काढायला आजवर कितींदा तरी माणसं अशीच रानात आली होती. रीत ठरलेली: थोरली रुसली की घरच्या सुनेनं यायचं, पायाला मिठी मारायची, आणि थोरली 'ऊठ' म्हणेस्तोवर सोडायचं नाही.

प्रांजली रीत पाळायला आली होती.

"आत्या," ती म्हणाली, "चुकलं असंल तर पदरात घ्या. चला घरी."

"तिथंच थांब!"

"पाया पडते अन् मंग थांबते."

"मागं फीर म्हणते ना! कानात बोळे घातले का तुझ्या आईनं?"

"बघा," गयाबाई बायांकडं वळून म्हणाली, "पोटुशी पोर उन्हाची आली अन् ही बोलणी. जा बाई, जा. घट्ट धर पाय. अशी न्हाई ऐकायची ती."

प्रांजलीचे डोळे भरले, पण ती थांबली नाही. जितकं जास्त बोलणं बसलं, तितकी ती जास्त जवळ येत होती. राग मोठा, म्हणजे पाय जास्त घट्ट धरायला हवेत. बायनाबाई मागं सरली. पाठीला गोठ्याचा पत्रा लागला. तापलेला. आता जागा नव्हती. पोर अंगणाच्या कडेला आली, वाकायला लागली, तिच्या कपाळावरचा घाम दिसायला लागला, श्वास ऐकू यायला लागला.

बायनाबाईनं पायाशी पडलेलं ढेकूळ उचललं आणि भिरकावलं.

ते प्रांजलीच्या पायापुढं फुटलं. ती दचकली, मागं सरताना पाय सरीत गेला आणि ती मटकन खाली बसली. दोन्ही हात पोटाला.

बायांच्या तोंडून एकच शब्द निघाला, "अगं बया!"

बायनाबाईचा पाय आपोआप पुढं पडला. एकच पाऊल. मग तिनं मेढ धरली, दोन्ही हातांनी, कोणी तिला ओढून नेत असल्यासारखी. पोर तिच्या नजरेसमोर रानात बसलेली, आणि तिला जाता येत नव्हतं. ढेकूळ तिच्याच हातचं होतं.

"मला कोरोना झालाय!" ती ओरडली. ठसका लागला, तरी ओरडली. "ऐका गं सगळ्या जणी! रुसले न्हाई मी. बोटीवरून रोग घेऊन आले. ही पट्टी पाहा, दोन रेघा. तिला उचला अन् मागं व्हा!"

कोणीच हललं नाही. मग एकदम सगळ्या हलल्या. पदर नाकावर गेले, घागर कलंडली, ओवाळायचं ताट ढेकळांतच राहिलं. बघता बघता बांध मोकळा झाला. गयाबाई तेवढी पळाली नाही. तिनं लेकीच्या काखेत हात घालून तिला उठवलं आणि बांधापर्यंत मागं नेऊन बसवलं.

"पोट दुखतंय का?" बायनाबाईनं विचारलं. आवाज कापला. तो कापलेला कोणी ऐकला असेल तर ऐको.

"न्हाई आत्या. पाय मुरगळला."

"हालतंय का बघ."

प्रांजलीनं पोटावर तळवा ठेवला. डोळे मिटले. रामप्रसाद लिंबाखाली उभाच्या उभा वाळला होता. गयाबाई लेकीच्या तोंडाकडं पाहत होती, बायनाबाई त्या तळव्याकडं.  लांब कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता, तेवढाच आवाज.

"हाललं," प्रांजली म्हणाली. मग तिला हसू आलं की रडू, ते तिलाच कळलं नाही. "लाथ मारली."

बायनाबाई मेढीला धरूनच खाली बसली. जरा वेळानं तिनं पोराकडं तोंड फिरवलं.

"रुसले म्हणून सांगतो? बायको मारली असती रे तू माझ्या नावावर."

"मला वाटलं, दोन-चार दिवसांत बरं वाटंल तुला, मंग कोणाला कळायचंच न्हाई..."

"हरिओमला बी असंच वाटलं. दर्या बराबर पाहून घेतला त्यानं. आता नळी लावून पडलाय."

तिनं घशातलं कुसळ पुन्हा एकदा गिळलं. पुढचं बोलणं त्या कुसळाहून जड होतं. आयुष्यात तिनं गयाबाईकडं पाण्याचा तांब्याही मागितला नव्हता.

"इहीनबाई," ती म्हणाली, आणि हात जोडले. "तिला घेऊन जा. तुमच्याकडं. घरात परत नेऊ नका. आता विचारपूस करायला गाव लोटंल तिथं, आमचे हे दार कोणाला लावून घेयचे न्हाईत. आजच जा."

 गयाबाईला बोलायला जागा होती आणि तिनं ती सोडली नाही. "माझ्या भरवशावर?"

"तुमच्याच."

"मंग बाळंतपण बी तिकडंच होईल."

बायनाबाईचे जोडलेले हात खाली आले नाहीत. "होऊ द्या," ती म्हणाली.

"आत्या, मी घरीच माझ्या खोलीत बसते ना दार लावून," प्रांजली म्हणाली.

"तुला कोणी इचारलं? जाय. अन् डॉक्टरणीला सांगून जाय, कोणाच्या जवळ गेल्ती अन् किती. लपवू नको. या घरात लपवणारे बहू झाले."

गयाबाईनं फोन केला तशी तिच्या पोराची गाडी गावातून बांधापर्यंत आली. प्रांजली लंगडत गाडीत बसली. काचेतून तिनं हात केला. रामप्रसादनं लिंबाखालूनच हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. त्याचं तोंड लालबुंद झालं होतं, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. बायनाबाई गाडीकडं न पाहता त्याच्याकडंच पाहत होती. जीपमधून उतरल्यापासून हा पोरगा मधूनमधून असा लाल होत होता, तिला दिसत होतं. त्याच्या पट्टीवर एकच रेघ होती, पण आईला पट्टी लागत नाही.

गाडी वळली. धुरळा खाली बसला.

"गेली ती," बायनाबाई म्हणाली. "आता खोक मोकळ्यानं."

रामप्रसाद लिंबाच्या बुंध्याला टेकला, आणि कोरडा, खोल, थांबता थांबेना असा खोकायला लागला.