मंगळवारची टेप

वहिनीने रविवारची टेप मशीनच्या तोंडात ढकलली आणि हिरवा दिवा लागेपर्यंत तिच्यावरून अंगठा उचललाच नाही. दिवा लागला. टेप वाचली जात होती. शेजारी तिचा नवरा हाताची घडी घालून उभा होता, काळजीत असला की उभा राहतो तसा.

"सगळं येईल ना गं परत?"

"येईल. तुम्ही असे डोक्यावर उभे राहिलात तर मात्र उशिरा येईल."

तो बाजूला झाला आणि दोन पावलांवर जाऊन पुन्हा तसाच उभा राहिला.

सकाळी कॉम्प्युटरच्या डिस्कने मान टाकली होती. आधी आतून कटकट ऐकू आली, मग पडदा काळा, मग काहीच नाही. बागांमधली खेळणी बनवायची ही दोघा भावांची छोटी कार्यशाळा. झोपाळे, घसरगुंड्या, गोल फिरणारे पाळणे. लाकूड नि लोखंड मागच्या शेडमध्ये, पण ड्रॉइंगं सगळी त्या एका डिस्कवर. येत्या सोमवारी नव्या बागेची ड्रॉइंगं द्यायची होती. दुपारपर्यंत नवी डिस्क बसली खरी, पण ती धुतलेल्या पाटीसारखी कोरी. आता सगळी भिस्त टेपांवर, आणि टेपा वहिनीच्या ताब्यात.

वहिनी म्हणायचा तो धाकटा, तिचा दीर. त्याचं ऐकून कारागीरही तिला वहिनीच म्हणू लागले होते. टेपांची पद्धतही त्यानेच तिला शिकवली. रविवारी सगळंच्या सगळं टेपवर घ्यायचं. सोमवारपासून रोज फक्त त्या दिवशीचा फरक: काय नवं केलं, काय बदललं, काय पुसलं. परत आणायचं तर त्याच क्रमाने, आधी रविवार, मग एकेक वार.

"आणि मधला वार गाळलास तर, वहिनी?" त्याने तेव्हा परीक्षा घेतली होती.

"तर तो दिवस उजाडलाच नाही असं मशीनला वाटेल."

"शाब्बास! आता मी डोळे मिटायला मोकळा."

"भाऊजी, शुभ बोला जरा!"

या मंगळवारी सकाळीच दोघा भावांत पेटलं. धाकट्याने वर्षभर खपून एक घसरगुंडी काढली होती, भल्या मोठ्या झाडाभोवती वळसे घेत उतरणारी, एकही फांदी न तोडता. थोरला म्हणाला, झाड वाढतं, सांधे उखडतील, पोरं पडतील. ते बरोबर होतं. मग म्हणाला, तुझं सगळं असंच अर्धवट. ते मुळीच बरोबर नव्हतं, आणि बोलताक्षणी त्यालाही ते कळलं असावं, कारण पुढचं तो आणखी मोठ्याने बोलला. "मग टाक पुसून!" धाकटा ओरडला, आणि थोरल्याने खरंच पुसलं. राग नाकावर, हात कीबोर्डवर. धाकटा गाडीची किल्ली उचलून गेला तो गेलाच. त्या दिवशी कुणी एक रेघ मारली नाही.

बुधवारी धाकट्याचा वहिनीला फोन आला. त्याने दुसरीकडे नोकरी धरली होती, सोमवारपासून. तिने फोन ठेवला आणि नवऱ्याला विचारलं, "ती घसरगुंडी रविवारच्या टेपवरून परत आणून ठेवू का?"

"हात लावायचा नाही."

तिने लावला नाही. पण टेपांचा संच एकच होता. उद्या रविवार. उद्या नवं सगळं जुन्या रविवारच्या टेपवर चढणार आणि ती घसरगुंडी कायमची जाणार. मग भाऊजी परत यायचे तर कशाच्या ओढीने?

रविवार उतरला. सोमवार उतरला. वहिनीने मंगळवारची टेप उचलली. तिच्यावर काय आहे हे तिला पाठ होतं. एक पुसणं, बाकी काही नाही. नवरा खिडकीशी नखं खात होता. तिने टेप उलटसुलट केली, पदराने पुसली आणि पर्समध्ये टाकली. मग बुधवारची लावली.

शुक्रवारही उतरला तेव्हा ती म्हणाली, "झालं. फक्त मंगळवारची लागत नाहीये. खराब झालेली दिसतेय."

"अरे देवा! काय काय गेलं?"

"मंगळवारी काय काम केलं होतंत तुम्ही?"

तो खुर्ची ओढून एकेक ड्रॉइंग उघडू लागला. झोपाळे होते. पाळणे होते. मग त्याचा हात थांबला. पडद्यावर झाड उभं होतं, आणि त्याला वळसे घालत घसरगुंडी उतरत होती. वहिनी एका वायरीचा गुंता सोडवत बसली. वायरीला गुंता नव्हता.

आता आवाज चढेल म्हणून ती वाट बघत राहिली.

"गाढवाने खोडाला चिकटवलंय बघ," तो हळूच म्हणाला. "चार बोटं जागा सोडायला हवी. कडी सैल ठेवली की झाड वाढेल तशी सरकवता येईल. एवढं साधं."

"मग सांगा की त्यांना."

"मी कशाला सांगू?" तो घुटमळला. "तूच फोन कर. म्हणावं, टेप लागत नाहीये, येऊन बघून जा."

"पण बाकी सगळं तर नीट झालं."

"अगं, ते त्याला कुठं माहीत आहे?"

धाकटा ऊन कलायच्या आत आला. काखेत हेल्मेट. भावाकडे न बघता तडक टेपच्या मशीनकडे गेला.

"कुठली लागत नाहीये?"

"मंगळवारची," वहिनी म्हणाली, आणि तिला ती पर्समधून काढून द्यावी लागली. त्याने पर्सकडे पाहिलं, मग तिच्याकडे. टेप आत ढकलली. हिरवा दिवा लगेच लागला.

त्याने मान वळवली. खोलीच्या दुसऱ्या टोकाला थोरला पडद्याला नाक लावून बसला होता, आणि पडद्यावर झाड होतं. थोरला खोडाभोवती एक नवी रेघ ओढत होता. पुसून पुन्हा ओढत होता. धाकटा ते पाहत राहिला. मग त्याने बटण दाबून टेप बाहेर काढली.

"काय रे, झाली का नीट?" थोरल्याने मागे न बघता विचारलं.

"नाही, दादा. पार खराब झालीय."

टेप त्याने वहिनीच्या हातात ठेवली, हेल्मेट टेबलावर टाकलं आणि भावाशेजारी खुर्ची ओढली.

"किती सोडलीस जागा?"

"चार बोटं."

"सहा सोड. अजून तरणं झाड आहे ते."

वहिनीने रविवारची टेप पुन्हा मशीनमध्ये घातली आणि घसरगुंडीसकट सगळंच्या सगळं नव्याने टेपवर घ्यायला सुरुवात केली. वार शनिवार होता, पण उद्याची वाट बघायला तिला आता धीर नव्हता.