सोळा बटणं

आमच्या गाडीचा पेट्रोलचा काटा गेली एकोणीस वर्षं अर्ध्यावर झोपलेला आहे. त्याच्या पाठोपाठ किलोमीटरच्या आकड्यांनीही मान टाकली. मी जन्मभर दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त केले आणि माझ्याच गाडीत ही तऱ्हा, म्हणून लोक हसतात. हसू देत. दिव्याखाली अंधार असला तरी दिवा माझा आहे.

गाडीचं नाव काकू. सुरू होण्याआधी ती दोनदा खाकरते, म्हणून. वर्षातून एकदा पंधरा दिवस आम्ही दोघं तिला घेऊन लांब निघतो. काचा खाली केल्या, थर्मास पायाशी ठेवला आणि घरं मागे पडली की मला इतकं बरं वाटतं की मी उगाच हॉर्न वाजवतो. जावयाच्या नव्या गाडीत मला फक्त झोप येते. काकूत रस्ता बुडाखालून कळतो.

पेट्रोलचा हिशेब बायकोकडे. ती शिवणकाम करते. तिच्या मांडीवर दोन डब्या असतात, एकीत सोळा बटणं. टाकी भरली की चारशे किलोमीटर नक्की, म्हणून दर पंचविसाला एक बटण या डबीतून त्या डबीत. रस्त्याकडेचे दगड गावागणिक नवा आकडा सांगतात, त्यामुळे बेरीज डोक्यात राहत नाही, ती बटणांत ठेवायची. पहिली डबी रिकामी झाली की पंप गाठायचा. इतक्या वर्षांत आम्ही एकदाही अडकलो नाही.

यंदा मात्र माझं अर्धं लक्ष त्या डब्यांवर होतं. दोन महिन्यांत घरात दोनदा इस्त्री चालू राहिली होती, आणि एकदा तिनं मला तिच्या भावाच्या नावानं हाक मारली. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आईला डॉक्टरांना दाखवा." मी तिच्यावर खेकसलो. खरं सांगायचं तर घाबरलो होतो. ही मला विसरली तर मी कुणाला शेजारी बसवून गाडी चालवू?

सकाळपासून बघत होतो. पंचवीस किलोमीटर व्हायचे आणि ही आपली खिडकीबाहेर बघत गुणगुणतेय. बटण हललेलं काही मला दिसायचं नाही. मग चहाला थांबलो आणि ती तोंड धुवायला गेली, तेव्हा मी गुपचूप दोन बटणं पलीकडच्या डबीत टाकली. जेवायला थांबलो तेव्हा आणखी तीन. तिला कळू नये, एवढंच वाटत होतं.

दुपारी तिनं डबी कानाशी हलवून पाहिली. आवाज नाही.

"अहो, पंप बघा," ती म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता.

पंपावरच्या बाईनं नळी लावली. एरवी चाळीस लिटर पिणारी काकू अठ्ठाविसाव्या लिटरला तुडुंब झाली. तिच्याकडून राहून गेलेलीच बटणं तर मी टाकली होती. म्हणजे बाकीची हिनं एकेका दगडाला दोन-दोन टाकली असणार. मुलीचं खरं होतं.

गाडी कडेच्या झाडाखाली घेतली. तिनं दोन्ही डब्या माझ्या मांडीवर ठेवल्या.

"हे आता तुम्ही सांभाळा. माझं डोकं चालत नाही हो. मी अकरा टाकली आणि सोळा निघाली. सकाळीच दोन जास्त दिसली होती, मी गप्प बसले. काकूला विकून टाका. माझ्या भरवशावर कुठेतरी अडकाल."



"कुठली अकरा?" मी विचारलं.

"पहिलं पुलाच्या अलीकडे, पांढरं. दुसरं विटांच्या भट्टीपाशी, कोटाचं तपकिरी. तिसरं तुम्ही त्या ट्रकवाल्यावर ओरडलात तेव्हा, निळं..."

अकराच्या अकरा सांगितली, रंगांसकट. अकरा वेळा पंचवीस, पावणेतीनशे. लिटरशी बरोब्बर जुळत होतं.

"पण तू तर खिडकीबाहेर बघत होतीस!"

"बटण हलवायला डोळे कशाला लागतात?"

आता कबूल करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "जास्तीची पाच माझी," मी म्हणालो. "मला वाटलं, तू विसरतेयस."

मग तिनं जे तोंड सोडलं!

"तराजूला बोट लावणाऱ्या दुकानदारांना झापत आलात जन्मभर, आणि माझ्या डबीत हात घालता? सकाळपासून जीव टांगणीला लागला होता माझा!"

मी मान खाली घालून ऐकत होतो. इतका सुखाचा ओरडा मी आयुष्यात खाल्ला नव्हता. बोलता बोलता ती रडली, मग हसायला लागली, मग मीही. पंपावरची बाई वळून वळून बघत होती.

"आणि ती इस्त्री?" मी हळूच विचारलं.

"एकदा मी विसरले. दुसऱ्यांदा तुम्ही रुमाल कडक करत होतात."

हे मात्र मला अजिबात आठवेना. डॉक्टरांकडे दोघांनीही जायचं ठरलं.

तिनं सोळाही बटणं पहिल्या डबीत मोजून टाकली. काकू दोनदा खाकरली आणि निघाली. ऊन उतरलं होतं, रस्ता मोकळा होता. मी मनात पंचवीस मोजले. पंचविसावा दगड आला, मागे गेला. मी मान वळवली नाही. स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत राहिलो.

"टाकलं," ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली.

"मी कुठे विचारलं?"

"नाही विचारलंत. पण श्वास सोडा आता."

मी सोडला.