पहिल्या नावाची भेट

खोक्यावरची चिकटपट्टी सुरीनं कापतानाच वर्षालीला कळून चुकलं होतं, की एवढ्याशा खोक्यात दळणाची घरघंटी मावत नाही. तरी तिनं ते उघडलं. आशा मोठी चिवट असते. कंपनी आधी एखादा सुटा भाग पाठवत असेल, अशी तिनं स्वतःची समजूतही घालून पाहिली. आत प्लॅस्टिकचे तीन डबे निघाले, गुलाबी झाकणांचे, एकात एक बसवलेले. वर एक कार्ड होतं. ‘सहयजमान वर्षाली गायके यांना सप्रेम भेट. मुख्य यजमान : सुमन केसकर.’

तिनं कार्ड उलटून पाहिलं. मागे काहीच नव्हतं.

सुमन केसकर म्हणजे समोरच्या दारातल्या नीलिमाच्या सासूबाई. त्या डब्यांच्या पार्टीला आल्यासुद्धा नव्हत्या. त्या दिवशी त्यांचे गुडघे धरले होते.

चार वर्षांपूर्वी वर्षाली परभणीहून मोशीत राहायला आली, तेव्हा लिफ्ट कशी थांबवायची इथपासून सगळं तिला नीलिमानं शिकवलं होतं. तेव्हापासून या दोन दारांमध्ये स्टीलचा एक डबा फिरत होता. इकडून धपाटे गेले की तिकडून अळूवडी यायची. डबा मुळात कुणाचा, हे दोघीही विसरल्या होत्या. पण तो रिकामा कधी फिरला नाही. घरात काहीच नसलं तर चमचाभर साखर घालून यायचा, पण भरून यायचा.

नीलिमा स्वयंपाकघरातले डबे विकायची, घरोघरी पार्ट्या घेऊन. जिच्या घरी पार्टी ती यजमान, आणि बायका जितकी खरेदी करतील तितकी यजमानीणबाईंना भेट मोठी. जानेवारीत कंपनीनं भेट म्हणून घरघंटी लावली होती. अट एकच, यजमान दोघी हव्यात. पहिल्या नावाला घरघंटी, दुसऱ्या नावाला डबे.

“पहिलं नाव तुझं,” नीलिमा म्हणाली होती. “दुसरं नुसतं नावाला आमच्या आईंचं टाकते. घर तुझं, बायका तुझ्या, मग चक्की दुसऱ्या कुणाची असणार?”

वर्षालीनं पदर खोचला. संक्रांतीच्या हळदीकुंकवालाच पार्टी जोडली आणि आडपडदा न ठेवता प्रत्येकीला सांगितलं, बाई गं, मला घरघंटी मिळायचीय, एखादा तरी डबा घे. सोसायटीतल्या बायकांना दळणासाठी पार गावठाणातल्या गिरणीत जावं लागायचं. घरी चक्की आली तर दळण, भाजणी, थालीपिठाची पिठं, सगळंच करता येणार होतं. निघोज्याच्या कंपनीतलं नवऱ्याचं, ज्ञानेशचं काम कंत्राटी. आज आहे, उद्याचं कुणी सांगावं? तिला स्वतःचं काहीतरी हवं होतं. बत्तीस जणी आल्या. गावठाणातल्या अंबूबाईही आल्या. त्यांच्याच शेतावर ही सोसायटी उभी राहिली होती. त्यांनी सगळ्यांत मोठा डबा घेतला.

“मला कशाला लागतोय येवढा डबा,” त्या म्हणाल्या होत्या, “पर तुजी चक्की येऊ दे.”

त्याच आठवड्यात वर्षालीनं मागच्या बाल्कनीत पॉवरचा प्लग बसवून घेतला. आणि आज हे डबे आले होते.

ती कार्ड घेऊन समोर गेली. नीलिमानं ते वाचलं, पुन्हा वाचलं.

“अगं, नावं भरताना वरखाली झाली असतील. मी बघते.”

“बघ ताई. घाई नाही काही.”

खरं तर जीव टांगणीला लागला होता, पण चार वर्षांच्या मैत्रीत एवढं म्हणावंच लागतं.

पाच दिवसांनी, दुपारी, वर्षाली कपड्यांच्या घड्या घालत होती. समोरच्या दारातून घर्र असा आवाज सुरू झाला. ती हातात उशीचा अभ्रा घेऊन तशीच उभी राहिली. आवाज बराच वेळ चालला. थांबला, तेव्हा सुमनताई कौतुकानं म्हणाल्याचं ऐकू आलं, “काय बारीक दळते गं, अगदी मैद्यासारखं!” वर्षालीला घरघंटीचं एवढं वाईट वाटलं नसतं. पण पाच दिवस ‘बघते, बघते’ म्हणणारी बाई खोकं आपल्या घरात उतरवून घेत होती, याचं तिला रडू आलं.

संध्याकाळी लिफ्टपाशी नीलिमाच भेटली. ती खालच्या आवाजात म्हणाली,

“आईंना सांगून बसले होते गं, तुमच्या नावानं चक्की मिळतेय म्हणून. इतक्या खूश झाल्या, की मग मागे फिरता येईना. तू मनाला लावून घेऊ नकोस. चैत्रात पुन्हा पार्टी घेऊ. पहिलं नाव तुझं, देवाशपथ.”

म्हणजे वरखाली काही झालं नव्हतं. नावं आधीपासूनच तशी भरलेली होती.

“चैत्राचं हळदीकुंकू आहेच माझ्याकडे,” वर्षाली म्हणाली. “या दोघी.”

ज्ञानेशला तिनं रात्री सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “तोंडावर बोल की सरळ.”

“बोलायचं तर तिनं,” वर्षाली म्हणाली. “एकदा सगळ्यांसमोर खरं बोलली ना, मी विसरून जाईन.”

आणि ती खरंच विसरली असती. चैत्रगौर मांडली, आंब्याची डाळ वाटली, तेव्हा नीलिमाचा वाटा काढून तिनं स्टीलच्या डब्यात भरला आणि झाकण लावून ओट्यावर ठेवला. डबा तेव्हा तिच्याकडेच होता, आणि पाळी तिची होती.

बायका जमल्या. सुमनताई आल्या, काठी भिंतीला टेकवून खुर्चीत बसल्या. नीलिमा आली ती दोन भरलेल्या पिशव्या घेऊन. डबे मांडायला तिनं टेबल शोधलं. टेबल मोकळं नव्हतं, त्यावर गौर बसली होती. पिशव्या तिनं दाराआड ठेवल्या.

पन्हं फिरत असताना अंबूबाई उठल्या आणि थेट मागच्या बाल्कनीत डोकावून आल्या.

“काय गं पोरी, तुजी चक्की कुठं हाय? नुसता प्लगच हाय की तितं.”

खोलीत गप्पा थांबल्या. बत्तीसमधल्या निम्म्याअधिक तिथंच होत्या. पन्ह्याचं तबक हातात धरून वर्षालीनं नीलिमाकडे पाहिलं. रागानं नाही, वाट पाहावी तसं पाहिलं.

नीलिमा हसली.

“अहो अंबूबाई, कंपनीचा घोळ झालाय. भेट अडकलीय तिची. मी रोज फोन करतेय, भांडतेय तिच्यासाठी.”

“कुठली गं?” सुमनताईंनी विचारलं. “आपल्याला आली तसलीच?”

“आई, पेला नीट धरा, सांडेल.”

सुमनताईंनी पेल्याकडे पाहिलं. तो नीटच होता. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं, आणि त्यानंतर बाल्कनीच्या दाराकडे. अंबूबाई पदर सावरत खाली बसल्या.

“असं व्हय,” त्या एवढंच म्हणाल्या.

वर्षालीनं तबक खाली ठेवलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. ओट्यावरच्या डब्याचं झाकण काढलं, डाळ पातेल्यात परत ओतली. डबा घासला, धुतला, कोरड्या फडक्यानं आतून बाहेरून पुसला. बाहेर बायका पुन्हा बोलायला लागल्या होत्या, जरा मोठ्यानंच.

त्या दोघी निघाल्या तेव्हा तिनं रीतीप्रमाणे सुमनताईंना वाकून नमस्कार केला, ओटीत हरभरे घातले. नीलिमाला हळदकुंकू लावलं, तिचीही ओटी भरली. कुठं काही कमी केलं नाही. नीलिमा पिशव्या उचलायला वाकली, तेव्हा वर्षालीनं तिच्या हातात स्टीलचा डबा दिला.

“काय दिलंस गं?” नीलिमा सवयीनं म्हणाली आणि झाकण उघडलं.