पाळणा वरपर्यंत जातो

निबंधकबाईंनी नकाशावरच्या लाल रेघेवर बोट ठेवलं, रेघ संपेपर्यंत ते सरकवत नेलं आणि चष्मा काढून समोरच्या दोघांकडे पाहिलं.

"इथे मी येणार नाही."

"वाट सोपी आहे, बाई," तो म्हणाला. तो नकाशे काढण्याच्या खात्यात होता आणि ती रेघ त्यानेच आखलेली होती. "सकाळी निघालो की जेवायच्या वेळेला माथ्यावर."

"वाट सोपी असेल, माझे गुडघे सोपे नाहीत. लग्न कायदेशीर हवंय ना? मग मी समोर हवी, दोन साक्षीदार हवेत, आणि जागा अशी हवी की ज्याला हरकत घ्यायची असेल त्याला तिथवर पोचता आलं पाहिजे. दार उघडं ठेवून लग्न लावायचं असतं. डोंगराला दार नसतं हे मला कळतं, पण म्हणून कड्यावर नाही लावता येत."

त्याचा चेहरा उतरला. बाईंना ते बघवलं नसावं.

"रोपवेच्या वरच्या स्थानकावर करा की. मोठी गच्ची आहे, खाली दरी, समोर बर्फ. मागे एका आजीबाईंचं लग्न मी तिथेच लावलं. चाकांच्या खुर्चीत बसून आल्या होत्या, झोकात."

"झकास!" तो म्हणाला आणि तिच्याकडे वळला. "मग तर बाबाही येतील."

ती नकाशाची घडी घालत होती. घडी चुकली. तिने तो पुन्हा उलगडला आणि पुन्हा चुकीच्याच रेषेवर दुमडला.

"बघू," ती म्हणाली.

तिच्या वडिलांनी उमेदीची सगळी वर्षं क्रेनवर घालवली होती. चालकाची खोली उंच, आणि इंजिन कानाच्या मागेच. निवृत्त झाले तेव्हा कान जवळजवळ गेले होते, पण आवाज तिथेच राहिला होता, वरच्या खोलीतून खालच्या माणसाशी बोलावं तसा. कानात घालायचं यंत्र आणलं होतं. ते कपाटात पडून असे. त्यात सगळं जग ताट खरवडल्यासारखं वाजतं, असं ते म्हणत. आई होती तोवर ती टेबलाखालून त्यांचा गुडघा दाबायची. दोनदा दाबला की आवाज खाली, तीनदा दाबला की विषय बंद. आई गेली आणि गुडघा मोकळा सुटला.

त्याचे आईवडील दोघेही डोळ्यांचे डॉक्टर होते. इतकं हळू बोलत की ऐकणाऱ्याला पुढे झुकावं लागे. दोन्ही घरं पहिल्यांदा एकत्र जेवायला बसली, तेव्हा सूप वाढून व्हायच्या आतच तिचे वडील म्हणाले होते, "ही लहानपणी अंथरूण ओलं करायची! शाळेत जायला लागली तरी!" त्यांनी ते कौतुकाने सांगितलं होतं. त्याची आई हसली, पण फक्त ओठांनी. वडिलांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, कोणी हसत नाही म्हणून स्वतःच मोठ्याने हसले, आणि मग भावी विहीणबाईंना त्यांचं वय विचारलं. तिचा हात टेबलाखाली त्यांच्या गुडघ्यापर्यंत गेला होता. तिने गुडघा दाबला नाही. आपली खुर्ची तेवढी पलीकडे ओढली.

त्यानंतर त्याने डोंगरमाथ्यावर लग्न करायची कल्पना काढली, तेव्हा तिने एका दमात होकार दिला. त्याला वाटलं, तिलाही डोंगराचं वेड आहे. त्याच्या आईवडिलांचा प्रश्नच नव्हता, दर सुट्टीत दोघे पाठीवर पिशव्या टाकून कुठेतरी चढत असायचे.

"बाबांना नाही चढवणार," ती म्हणाली होती. म्हणताना तिने चेहरा असा पाडला की त्याने तिचा हात हातात घेतला.

आपला तो पाडलेला चेहरा तिला पुढे बरेच दिवस आठवायचा. ती एका प्रयोगशाळेत कृत्रिम दात बनवायची. मेण तापवून हिरडीला आकार देताना मध्येच हात थांबायचा, आणि मेण थंड होऊन जायचं.

वडिलांना तिने डोंगरमाथ्यावरच्या लग्नाचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जा, जा! मी इथूनच हात करीन!" जागा बदलल्याचं मात्र तिने सांगितलं नाही. फोनवर त्यांना ऐकू येत नसे. इतकी वर्षं ती त्यावर वैतागत आली होती. आता तेच कामाला आलं.

लग्नाच्या आधीच्या रविवारी दोघे त्यांच्याकडे गेले. वडील चहा करत होते. तो ओट्याला टेकून त्यांच्या कानाशी ओरडला,

"बाबा, आता चढायचं नाहीये! रोपवेचा पाळणा वरपर्यंत जातो! दारात बसायचं, दारात उतरायचं! हिने सांगितलं नाही तुम्हाला?"

वडिलांचा गाळणी धरलेला हात तसाच राहिला. त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. ती टेबल पुसत होती. टेबल स्वच्छ होतं.

क्रेनवर आवाज पोचत नाही. खालच्या माणसाच्या हाताकडे बघून ओझं उचलायचं की टेकवायचं ते ठरवावं लागतं. ते तिच्या हातांकडे बघत राहिले.

"सांगितलं की!" ते म्हणाले. "कधीच सांगितलं! मीच नाही म्हणालो!"

"का पण?"

"मला पाळण्याची भीती वाटते!"

तो हसायला लागला. "तुम्हाला? जन्म क्रेनवर काढलात तुम्ही!"

"क्रेन माझ्या हातात होती, नकाशेबुवा! पाळणा दुसऱ्याच्या हातात!"

त्याने ओट्यावर थाप मारली. सासरा असावा तर असा, असं काहीतरी म्हणाला. तिला बोलायला तेव्हा जागा होती. एक वाक्य सहज मावलं असतं.

"चहा उतू जाईल," ती म्हणाली.

वरच्या स्थानकाच्या गच्चीवर त्या दिवशी भणाणणारा वारा होता. कुणाचं कुणाला ऐकू येईना. निबंधकबाई कागद दोन्ही हातांनी धरून ओरडून वाचत होत्या. त्याची आई कानाला हात लावून "काय? काय म्हणाल्या?" असं ओरडत होती, आणि त्याचे वडील तितक्याच मोठ्याने तिला समजावत होते. साक्षीला आलेली तिची प्रयोगशाळेतली मैत्रीण हसून बेजार झाली होती.

"कुणाची हरकत आहे का?" बाई ओरडल्या.

ती पाळण्याच्या दाराकडे बघत होती. एक पाळणा रिकामाच वर आला, हेलकावत वळला आणि रिकामाच खाली गेला.

"नाही ना? मग करा सह्या!"

खाली उतरल्यावर त्याच्या आईवडिलांनी जेवायला कुठे जायचं ते विचारलं. "तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली, "आम्ही आधी बाबांकडे जाऊन येतो." तिने नवऱ्याला विचारलंही नाही. अंगावरचे लग्नाचे कपडे, विस्कटलेले केस, तशीच ती वडिलांच्या इमारतीचे जिने चढली. तो मागून फुलं सांभाळत येत होता.

शेजारच्या काकू दारातच भेटल्या.

"लागलं का लग्न? सुखी राहा गं दोघं. पण बाबांचं बाई वाईट वाटतं. ऐन वेळेला ताप यावा माणसाला!"

"ताप?" तो म्हणाला.

"परवापासून! गच्चीत उभं राहून सांगत होते. 'मला ताप आहे, मला जाता येणार नाही.' अख्ख्या इमारतीला ठाऊक आहे."

दार उघडंच होतं. वडील पलंगावर गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन पडले होते. दाढी गुळगुळीत केलेली होती. पांघरुणाच्या वर इस्त्रीची कॉलर दिसत होती.

"या, या! लांब बसा! ताप आहे मला!"

काकू तिच्या मागोमाग दारापर्यंत आल्या. वरच्या मजल्यावरून आणखी कोणीतरी वाकून बघत होतं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिने त्यांच्या कपाळावर तळवा ठेवला. कपाळ गार होतं.

"उतरलाय जरा!" वडील तिच्या खांद्यावरून काकूंना म्हणाले.

"बाबा, मी चुकले."

"काय?"

"चुकले मी."

"काय म्हणतेस?"

तो दाराजवळ फुलं घेऊन उभा होता. दार लावायला त्याला सांगता आलं असतं. तिने दाराकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि तळवा तसाच ठेवून पूर्ण छाती भरून श्वास घेतला.

"तुम्हाला ताप नाहीये! पाळण्याची भीती पण नाहीये! मी बोलावलंच नाही तुम्हाला! मला तुमची लाज वाटत होती!"

आवाज जिन्यातून पार तळमजल्यापर्यंत गेला. खाली कोणीतरी वाहता नळ बंद केला. काकूंनी पदर नीट केला, पुन्हा नीट केला. तो फुलांकडे बघत राहिला.

वडिलांनी पांघरूण बाजूला सारलं. खाली ते पूर्ण तयार होते. इस्त्रीची पँट, मोजे, पॉलिश केलेले बूट. ते उठले, काकूंना मान लववून दार लावलं, कडी घातली आणि तिच्याकडे वळले.

"अगं, हळू," ते म्हणाले. "लोक ऐकतात."