पोर गाडीत बसेपर्यंत

साडेपाचला शाळा सुटायची आणि पाचपासूनच त्या गल्लीत शिमगा सुरू व्हायचा. अंधेरी स्टेशनपासून चार पावलांवरची गल्ली. दोन टांगे समोरासमोर आले तर एकाला मागं सरकावंच लागे, एवढीच तिची रुंदी. त्यात बंगलेवाल्यांच्या पाच-सहा मोटारी, तीन टांगे, कडब्याची एखादी बैलगाडी आणि मधूनमधून घुसणारे सायकलवाले. पुढचा म्हणणार मागं घे, मागचा म्हणणार तुझ्या बापाचा रस्ता आहे काय. मी समोरच्या कुंपणापाशी पाटी उतरवून बसायचे. लोकांना वाटायचं, कोळीण उरलेले बोंबील खपवायला बसलीय. बोंबील कसले! मी नवऱ्याला बघायला बसायचे.

नवरा म्हणजे हरेश्वर. मोटारींच्या त्या रांगेत शाळेच्या दाराला सगळ्यात जवळची काळी गाडी असायची ना, तिचा ड्रायव्हर. गाडी वकीलसाहेबांची. त्यांची नात मृणालिनी तिसरीत होती, तिला घरी न्यायला तो यायचा. साहेबांच्या बंगल्यामागं त्याला खोली होती. मढला, आमच्या घरी, तो वर्षातून एकदा शिमग्याला यायचा, होळीला नारळ वाहायचा आणि सकाळच्या होडीनं परत जायचा. मी मात्र रोज मढहून होडीनं वेसाव्याला उतरायचे, तिथून पाटी डोक्यावर घेऊन अंधेरीपर्यंत चालायचे, मासळी विकायचे, आणि पाच वाजता त्या कुंपणापाशी हजर. तो आरशातून माझ्याकडे एकदा बघायचा. एकदाच. त्यासाठी एवढी पायपीट. हसा, हसा. तुमचा माणूस असा डोळ्यांसमोरून गेला म्हणजे कळेल.

हे सगळं मी तुमच्या शाळेच्या मराठीत सांगतेय बरं का. आमच्या बोलीत सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं भांडतेच आहे.

बाकीचे ड्रायव्हर आले की गाडी बंद करायचे, एकत्र बसून विडी ओढायचे. हा चाकामागून हलायचा नाही. आणि इंजिन बंद करायचा नाही. अर्धा-अर्धा तास गाडी जागच्या जागी गुरगुरत उभी, आणि सगळा धूर तिसरीच्या वर्गाच्या खिडकीत. पोरं खोकायची. तिसरीच्या सुहासिनीबाई पदर खोचून बाहेर यायच्या.

"अहो ड्रायव्हर, बंद करा ते इंजिन! मुलांचे प्राण घेता का?"

"पोर बसली की निघतो, बाई."

"पोर बसायला अजून पंचवीस मिनिटं आहेत!"

"असू दे."

टांगेवाला दशरथ हसायचा, म्हणायचा, याच्या साहेबाची पेट्रोलची विहीर दिसते. सगळे म्हणायचे, माजलाय. मला एकटीला ठाऊक होतं की तो माजलेला नाही. तो घाबरलेला होता.

आता ते सांगते. नाही सांगितलं तर पुढचं काही कळायचं नाही.

मी लग्न होऊन मढला आले तेव्हा माझा दीर रामनाथ पाच वर्षांचा होता. सासू सखुबाई बाजाराला जायची, म्हणून त्याला न्हाऊ घालणं, भरवणं, मारणं, सगळं माझ्याकडे. मला मूलबाळ झालं नाही. झालं नाही तरी काही वाटलं नाही, कारण रामनाथ होता. एकोणीस वर्षांचा झाला तरी माझ्याच ताटात हात घालायचा, आणि मी हातावर फटका मारला की म्हणायचा, "वहिनी, दुसऱ्याच्या ताटातलं गोड लागतं गं."

आमच्या होडीला इंजिन बसलं ते आमच्या पाड्यातलं पहिलं. काय ती फटफट! शेंबडी पोरं दिवसभर काठावर उभी. नारळी पौर्णिमा झाली, होडी पहिल्यांदा दर्यात जायची तो दिवस आला. खाडीच्या तोंडाशी होडी थांबवायची, दर्याला नारळ द्यायचा, मग पुढं जायचं, ही आमची रीत. निघताना मी हरेश्वरला बाजूला घेऊन सांगितलं, "नाखवा, नारळ देताना ते इंजिन बंद ठेव. दर्याच्या पाया पडायचं आणि त्याच्या कानाशी फटफट करायची, बरं दिसतं का?" त्याला पटलं. मी शहाणी ना! देवाधर्माचं सगळं मला कळतं ना!

त्यानं इंजिन बंद केलं. रामनाथ होडीच्या काठावरून वाकून नारळ सोडत होता. शिडाची होडी असती तर शिडानं तिला धरून ठेवलं असतं, पण शीड तर इंजिन आलं म्हणून घरी ठेवलेलं. लाटेनं होडी आडवी घेतली, तो पडला, पडताना डोकं काठाला लागलं. पोहायला काय, मासाच होता तो, पण शुद्ध गेल्यावर मासा काय करणार? ओहोटी जोरात. हरेश्वर हॅण्डल मारतोय, मारतोय, इंजिन लागत नाही. होडीवरचे दोघं खलाशी पाण्यात उडी मारून परत आले, हाती काही नाही. इंजिन लागलं तोवर रामनाथ कुठच्या कुठं गेला होता. हरेश्वर घरी आला तेव्हा त्याच्या दोन्ही तळहातांची साल निघालेली होती.

सासू छाती पिटून एकच विचारत राहिली. "दर्यात इंजिन बंद करतो तो कसला नाखवा? कोणी सांगितलं तुला बंद करायला?" हरेश्वरनं तोंड उघडलं नाही. मीही उघडलं नाही. आज सांगेन, उद्या सांगेन, करता करता दोन वर्षं गेली. चौथ्या महिन्यात त्यानं होडी चुलतभावाला दिली आणि अंधेरीला निघून गेला. मी समजले, त्याला माझं तोंड बघवत नाही. आणि तरीही मला तो घरी हवा होता. रात्रंदिवस हवा होता. त्याचा सदरा मी दर आठवड्याला धुवायचे, कोणी न घालताच.

तर एके दिवशी सुहासिनीबाई रागारागानं गाडीपाशी येऊन गेल्या आणि परतताना माझ्याकडे वळल्या.

"काय गं, तू रोज असतेस इथे. हा कोणाचा ड्रायव्हर, ठाऊक आहे?"

"वकीलसाहेबांचा," मी म्हटलं.

"तुझ्या ओळखीचा आहे का?"

"छे हो बाई. मी कशाला ओळखू?"

आणि जीभ एकदा सुटली की काय! मी पुढं म्हटलं, "तोंडी सांगून तो ऐकायचा नाही. साहेबांना चिठ्ठी लिहा. अशा माणसाला कामावर ठेवतात कशाला म्हणून चांगलं खरमरीत लिहा." का म्हटलं? उघड आहे. नोकरी गेली की जाणार कुठं? घरीच येणार. बाईंनी लिहिली चिठ्ठी. मी त्या दिवशी होडीत बसून गाणं म्हणत गेले. शेजारची नलिनी म्हणाली, जये, आज काय पापलेटाचा लॉट लागला काय.

चार दिवसांनी काळ्या गाडीच्या मागच्या सीटवर वकीलसाहेब स्वतः बसून आले. मी पाटी तिथंच सोडली आणि गाडीच्या जवळ जाऊन उभी राहिले. काच खाली होती, सगळं ऐकू येत होतं. सुहासिनीबाईही दाराशी येऊन उभ्या होत्या.

"हरेश्वर, बाई म्हणतात ते खरं दिसतंय. इंजिन बंद कर."

"पोर बसली की करतो, साहेब."

"पोर बसली की बंद करून काय पूजा करायचीय? आत्ता कर. नाहीतर चावी माझ्या हातात दे आणि उद्यापासून येऊ नकोस."

तेवढ्यात घंटा झाली. आणि नेमकी त्याच वेळी कोळशाची एक लॉरी गल्लीच्या तोंडाशी येऊन अडकली. ना पुढं, ना मागं. बस्स, वाट लागली सगळ्यांची. टांगे तिरके, मोटारी एकमेकींच्या अंगावर, दशरथचा घोडा बिथरून पाय आपटतोय, आणि त्या सगळ्यात शाळेची पोरं धबाधब बाहेर. मृणालिनी एवढीशी. ती दारातून निघालेली मी पाहिली आणि मग घोडा नि मोटार यांच्या मध्ये ती दिसेनाशी झाली.

हरेश्वरचा हात चावीवर होता. डोळे शाळेच्या दाराकडे.

"साहेब, पोर दिसत नाही. दिसली की करतो."

"शेवटचं सांगतोय."

हरेश्वरनं चावीवरून हात काढला आणि दार उघडायला घेतलं. तो उतरणार होता. नोकरी सोडणार होता, पण इंजिन बंद करणार नव्हता.

मला काही करायचंच नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. उद्या माझा माणूस घरी. पण मी त्याचा चेहरा बघितला. त्या दिवशी साल निघालेले हात घेऊन दारात आला होता, तोच चेहरा. असाच तो घरी येणार, असाच जेवायला बसणार, असाच माझ्या शेजारी निजणार. नको गं बाई, मी म्हटलं, असा नको.

मी घुसले. घोड्याच्या पोटाखालून म्हटलंत तरी चालेल. एका सायकलवाल्याला ढकललं, त्यानं शिवी दिली, मी त्याला दोन दिल्या. मृणालिनी एका मोटारीच्या चाकाला चिकटून उभी होती, दप्तर छातीशी धरून. मी तिचं मनगट घट्ट धरलं आणि ओढत गाडीपाशी आणली.

"नाखवा," मी म्हटलं, "पोर माझ्या हातात आहे. बंद कर."

त्यानं एकदा पोरीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"तेव्हाही मीच सांगितलं होतं ना? आताही मीच सांगते. बंद कर."

त्यानं चावी फिरवली. इंजिन बंद झालं. मागचे हॉर्न चालूच होते, पण मला काही ऐकू आलं नाही.

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"माझी बायको."

सुहासिनीबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. पोर गाडीत चढली. साहेब लॉरीवाल्यावर ओरडायला उतरून पुढं गेले. हरेश्वरनं चावी फिरवली, बटण दाबलं. एका दमात लागलं इंजिन. मेलं एका दमात लागलं! तो चाकावर डोकं टेकून हुंदके द्यायला लागला, आणि ती पोर मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "रडू नका ना, हरेश्वरमामा, लॉरी निघेल आता."

मी खिडकीशी उभी राहिले. शिमग्याची ती एक रात्र सोडली तर दोन वर्षांत इतकी जवळ पहिल्यांदा.

"बाईंना चिठ्ठी लिहायला मीच सांगितलं," मी म्हटलं. "तू घरी यावंस म्हणून. माझं तोंड बघवत नसेल तर नको बघूस, बाहेर ओटीवर नीज, पण घरी ये रे."

त्यानं मान वर केली. "तुझं तोंड बघवत नाही? येडी आहेस का तू, जये?"

"मग?"

"घरी आय आहे. ती रोज विचारणार, कोणी सांगितलं बंद करायला. एक दिवस विचारेल, दहा दिवस विचारेल. मला खोटं बोलता येत नाही, तुला माहीत आहे. आणि खरं सांगितलं तर ती तुला घरात ठेवायची नाही. म्हणून इथं राहिलोय."

दोन वर्षं मी समजत होते की तो मला टाकून गेला. लॉरी हलली, साहेब परत येऊन बसले, मागच्यांनी बोंब मारली. "होडी चुकेल तुझी, जा," एवढं म्हणून तो गेला. नोकरी राहिली. माणूस अंधेरीलाच राहिला.

मी वेसाव्यापर्यंत जवळजवळ धावतच गेले. मढला उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. सासू ओटीवर फाटकं जाळं सांधत बसली होती. तिनं वर न बघता विचारलं, "आज उशीर केलास, पाटी कुठं आहे?" पाटी मी अंधेरीच्या कुंपणापाशीच विसरून आले होते. मी तिच्या समोर जमिनीवर बसले आणि तिच्या हातातलं जाळं बाजूला केलं.

"आय, इंजिन बंद करायला मी सांगितलं होतं," मी म्हटलं. "मला काय करायचं ते कर. पण त्याला घरी बोलाव."